हरवलेली मुले, सर्व वयोगटांसाठी, नि:शुल्क

शाळांना सुट्ट्या लागल्या की गावातल्या आईबापांवर जी आपत्ती कोसळते, तिला नगरपालिकेने 'कौटुंबिक आनंद' असं नाव दिलं होतं. समुद्र आयता होता, वाळू आयती होती. दोन्हींसाठी पालिकेने कधी इकडची काडी तिकडे केली नव्हती, आणि बिघडवायचे बरेच प्रयत्न होऊनही दोन्ही अजून शाबूत होती. त्यांच्या जिवावर दर सुट्टीत एक गुलाबी पत्रक निघायचं: 'समुद्रकिनाऱ्यावरील नि:शुल्क कौटुंबिक उपक्रम'. त्यात वाळूचे किल्ले असायचे, खडकांमधल्या डबक्यांतले खेकडे बघणं असायचं, शिंपले वेचणं असायचं. 'किनारा स्वच्छता' नावाचा एक उपक्रम असायचा, म्हणजे पालिकेने वर्षभर न उचललेला कचरा आईबापांनी मुलाबाळांसह उचलायचा आणि वर टाळ्या वाजवायच्या. सगळ्यात शेवटी असायचं, 'सूर्यास्त पाहणे'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'अपरिहार्य कारणास्तव रद्द होऊ शकतो.' पालिकेने रद्द केल्यावर सूर्य तरी काय करणार बिचारा!

उपक्रमागणिक पालिकेचा एक लाल तंबू असायचा, आणि या सगळ्या आनंदाच्या मधोमध आणखी एक होता. त्याच्यावर पाटी होती, 'हरवलेली मुले'. आत एक चटई, चार-दोन बुटकी स्टुलं, झिजून नखाएवढे झालेले रंगीत खडू, पाण्याचं पिंप आणि एका डगमगत्या टेबलावर मायक्रोफोन, ज्याचे भोंगे किनाऱ्यावरच्या खांबाखांबांवर टांगलेले. त्याचं बटण दाबून धरावं लागे, आणि वाळू गेल्यामुळे ते दाबलं की करकरायचं. तंबूत मायक्रोफोनपुढे जी बाई बसायची, तिला अख्खा किनारा भोंगाबाई म्हणायचा. तोंडावर नव्हे, तेवढी हिंमत कुणाची होती?

भोंगाबाईची सगळी हयात बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात गेली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा आणि कुणाच्या मूर्खपणामुळे, हे ती एका दमात सांगायची. शेवटचा भाग सांगायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर आवाज काही निवृत्त झाला नाही. घरी ती कपभर साखर मागायची तर तिसऱ्या मजल्यावरची बाई साखर घेऊन खाली यायची.

तंबूतला तिचा नियम एकच, आणि तो तिने स्वतः केलेला. मूल पडद्याआड बसवायचं आणि घ्यायला आलेल्याला आधी विचारायचं, 'मुलाने काय घातलंय?' आया बटणाच्या रंगापर्यंत सांगायच्या. बापांचं काय व्हायचं ते बघायला तंबूबाहेर लोक थांबायचे. एकदा गावातले दातांचे डॉक्टर आले. मोठे प्रतिष्ठित गृहस्थ. लोक त्यांच्यापुढे तोंड उघडून गप्प बसायचे, त्यामुळे उलट प्रश्नांची त्यांना सवय नव्हती.

"मुलाने काय घातलंय?" भोंगाबाईने विचारलं.

"चड्डी," डॉक्टर म्हणाले.

"नशीब. रंग?"

"रंग म्हणजे, साधारण, चड्डीचा असतो तसा."

"आणि वर काय आहे?"

डॉक्टरांनी वर आकाशाकडे बघितलं. भोंगाबाईने सुस्कारा टाकला, बटण दाबलं आणि किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज गेला, "लक्ष द्या. दातांचे एक डॉक्टर हरवले आहेत. मुलगा सुखरूप आहे. डॉक्टरांच्या मिसेसनी असतील तिथून यावं आणि दोघांनाही ओळखून घेऊन जावं." किनारा पोट धरून हसला. पत्रकात नसलेला हा उपक्रम पत्रकातल्या सगळ्यांपेक्षा जोरात चालायचा, हे सांगायला नकोच.

आता, खरं हरवलेलं मूल वेगळं आणि 'हरवून ठेवलेलं' मूल वेगळं, हे भोंगाबाई लांबून ओळखायची. खरं हरवलेलं मूल हुंदके देत, नाक पुसत, एका पायात चप्पल घालून येतं. हरवून ठेवलेल्या मुलाच्या डोक्यावर टोपी असते, गळ्यात पाण्याची बाटली असते, खिशात बिस्किटं असतात आणि ते आल्याआल्या विचारतं, 'निळा खडू कुठाय?' त्याचे आईबाप तिथून हाकेच्या अंतरावर, छत्रीखाली आडवे पडून, मुलाचा शोध घेत असतात. भोंगाबाई त्यांना सगळं ऐकवायची, नावं ठेवायची, पण मूल कधी परत पाठवायची नाही. सुट्ट्यांचा शेवटचा आठवडा आला की आईबापांचे चेहरे असे होतात, की त्यांनाच तंबूत घेऊन चटईवर निजवावं असं तिला वाटायचं.

तिने ही नोकरी का घेतली, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. पगार म्हणाल तर जेमतेम पोटापुरता. हौस म्हणाल तर मुलांची तिला मुळीच हौस नव्हती. कारण तंबूच्या मागच्या बाजूला वेताच्या खुर्चीत बसलेलं असायचं.

भोंगाबाईचे मिस्टर पेंटर होते, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. गावातल्या निम्म्या दुकानांवरची अक्षरं त्यांच्या हातची. सुबक, ठसठशीत, लांबून वाचता येणारी. बंद पडलेल्या एका लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत दोघं राहायची. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, फोनवर भेटायची. एक दिवस पेंटर पाव आणायला गेले ते किती वेळ आलेच नाहीत. शेवटी रंगाच्या दुकानाचा मालक त्यांना हाताला धरून घेऊन आला, हसत म्हणाला, "पेंटर गप्पांत रमले होते." पावही नव्हता आणि गप्पाही झाल्या नव्हत्या. भोंगाबाईने दुकानदाराला चहा पाजला, मोठमोठ्याने इकडचं तिकडचं बोलली आणि तो गेल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. आपल्याच हाताने लिहिलेल्या पाट्यांच्या रस्त्यावर माणूस हरवतो म्हणजे काय, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

मग एकदा ती भाजीला जाताना बाहेरून कुलूप लावून गेली. परत आली तेव्हा पेंटर दाराच्या आत, बूट घालून, छत्री हातात धरून उभे होते. किती वेळ उभे होते देव जाणे. म्हणाले, "दार अडकलंय बहुतेक. सुताराला सांगायला हवं." भोंगाबाईने त्या दिवशी कुलूप उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आपल्या माणसाला कोंडायचं नाही, आणि एकटंही सोडायचं नाही, एवढं ठरलं. आता बाहेर पडायचं कसं, पोट भरायचं कसं, हे काही ठरलं नाही.

तंबूच्या नोकरीची चौकशी तिने त्यासाठी केली. पालिकेचा उपक्रम अधिकारी म्हणजे एक तरुण मुलगा होता. भर उन्हात कोट घालायचा, गळ्यात शिट्टी अडकवायचा आणि वाजवायचा कधीच नाही. साहेबांना काम असलं की ते तिला 'मावशी' म्हणत, नसलं की 'मॅडम'.

"मी येईन," भोंगाबाई म्हणाली, "पण माझे मिस्टर बरोबर असतील. मदतनीस म्हणून. त्यांना पगार नको."

'नको' हा शब्द ऐकून साहेबांचा चेहरा असा खुलला, की पुढे काही विचारायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. घरी येऊन ती पेंटरांना म्हणाली, "अहो, तंबूत मुलांना अक्षरं काढून दाखवणारं कुणीतरी हवंय. पालिकेने तुम्हालाच मागितलंय." पेंटरांनी थोडा विचार केला, म्हणाले, "पालिकेला अक्कल आली म्हणायची," आणि उठून दाढी केली.

तेव्हापासून हे नाटक चाललं होतं. पेंटर वेताच्या खुर्चीत बसायचे, मुलांच्या पाटीवर अक्षरं काढायचे आणि मुलं त्यांच्याभोवती मुंग्यांसारखी जमायची. बाहेरचं कुणी भेटायला आलं की भोंगाबाई आधीच ओरडायची, "अहो, हे बघा, किराणावाले आलेत! त्यांच्या दुकानाची पाटी तुम्हीच केलीत!" लोकांना वाटायचं, स्टँडवरची खोड, येणाऱ्या-जाणाऱ्याची घोषणा केल्याशिवाय बाईला राहवत नाही. पेंटर हसून म्हणायचे, "ओळखलं की!" आणि वेळ निभावून जायची. साहेबांना कळलं तर विसरभोळ्या म्हाताऱ्याला मुलांत बसू देणार नाहीत, आणि मग पुन्हा कुलूप किंवा उपास, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. पेंटरांना स्वतःला कळता कामा नये. आपलं काय होतंय हे त्यांना उमगलेलं नाही, अशी तिची खात्री होती, आणि जन्मभर मान ताठ ठेवून शिडीवर चढलेल्या त्या माणसाला ते कधी उमगू नये, एवढ्यासाठी ती दिवसभर जिवाचं रान करायची.

अशी एक सुट्टी निम्मी सरली, आणि नवं पत्रक आलं.

झालं असं, की वरच्या साहेबांनी खालच्या साहेबांना विचारलं होतं, गेल्या वर्षीपेक्षा उपक्रम जास्त आहेत ना? खालचे साहेब 'हो' म्हणून बसले. आता उपक्रम आणायचे कुठून? मग किनाऱ्यावर जे जे फुकट होतं ते ते त्यांनी पत्रकात भरलं. 'नळाचे पाणी' भरलं. 'बाकावर बसणे' भरलं. आणि 'वाळूचे किल्ले'च्या खाली भरलं, 'हरवलेली मुले. लाल तंबू. सर्व वयोगटांसाठी. नि:शुल्क. आधी येणाऱ्यास प्राधान्य.' कचेरीत ते चार जणांनी तपासलं, चौघांनी सह्या केल्या आणि ते छापून शाळाशाळांतून वाटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगाबाई तंबूशी आली तर बाहेर रांग होती. एक बाई दोन जुळ्यांना घेऊन पुढे झाली. "हरवलेली मुलं इथेच ना? किती वेळाचं असतं?"

"कसलं?" भोंगाबाई म्हणाली.

"उपक्रम हो. ही दोघं गेल्या वर्षी किल्ल्यांत होती. या वर्षी म्हटलं, हरवू दे."

मागून एका बापाने हात वर केला. "संपल्यावर प्रमाणपत्र मिळतं का?" त्याच्यामागचा म्हणाला, "आमचा जरा लाजाळू आहे, त्याला हळूहळू हरवता येईल का?" एका आजीबाईंची तक्रार वेगळीच होती. 'सर्व वयोगटांसाठी' लिहिलंय, मग त्यांना का घेत नाहीत?

भोंगाबाईने पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. मग मायक्रोफोनवरून उपक्रम अधिकाऱ्यांना जे बोलावणं धाडलं, ते ऐकून खडकांतले खेकडे बिळात गेले असतील. साहेब धावत आले, रांग बघितली आणि घाम पुसत म्हणाले, "मावशी, आजच्या दिवस सांभाळून घ्या. प्रतिसाद उत्तम आहे."

प्रतिसाद उत्तमच होता. ऊन चढेपर्यंत तंबूत पाय ठेवायला जागा उरली नाही. मुलं चटईवर, मुलं टेबलाखाली, मुलं पिंपामागे. जी आणून ठेवलेली होती ती कंटाळून खरोखर हरवायला लागली, आणि जी खरंच हरवली होती त्यांना रांगेतल्या लोकांनी 'नंबराने या' म्हणून बाहेर काढलं. कुणी खडू खाल्ला, कुणी कुणाला चावलं. भोंगाबाई एका हाताने बटण दाबत होती, दुसऱ्या हाताने पडदा धरत होती, आणि तोंड तर तिचं तेवढ्यात सगळीकडे होतंच.

गर्दी जराशी हलली आणि तिने मागे बघितलं. वेताच्या खुर्चीत त्या सर्व वयोगटवाल्या आजीबाई बसल्या होत्या.

"इथे बसले होते ते कुठे गेले?"

"भला माणूस हो," आजीबाई म्हणाल्या. "मला बघितल्याबरोबर उठले. बसा म्हणाले, आणि गेले."

"कुठे?"

"ते मी कशाला विचारू?"

भोंगाबाई तंबूमागे धावली. नळावर बघितलं, स्वच्छतागृहापाशी हाका मारल्या, बाकांच्या रांगेवरून नजर फिरवली. बाकांवर कुटुंबंच्या कुटुंबं पत्रकाप्रमाणे बसली होती. भरती लागलेली होती. सकाळी जिथे मुलं शिंपले वेचत होती तिथे आता कमरेएवढं पाणी होतं, आणि पेंटरांना पोहता येत नव्हतं. यायचं की नाही, हे तरी त्यांना आता आठवणार होतं का?

ती परत आली तेव्हा साहेब तंबूत उभे होते. "मदतनीस कुठे दिसत नाहीत?" ते म्हणाले, आणि उत्तरही त्यांनीच दिलं, "चहाला गेले असतील, येतील." हे बोलणं तिने उचलून धरलं असतं तर काही बिघडत नव्हतं. 'पेंटर, असाल तिथून परत या,' अशी साधी घोषणा करता आली असती. पण परत कुठे येणार? किनाऱ्यावरचे सगळे तंबू पालिकेने एकाच गठ्ठ्यातून घेतलेले, सगळे लाल. तो माणूस सापडायचा असेल तर तो हरवू शकतो हे लोकांना कळायला हवं होतं. लोकांना कळलं म्हणजे साहेबांना कळणार होतं. आणि किनाऱ्यावर जिथे कुठे असतील तिथे, पेंटरांना कळणार होतं. भोंगाबाईला वाटलं, आपण खाली बसून लहान पोरासारखं भोकाड पसरावं. ती टेबलापाशी गेली आणि तिने बटण दाबलं.

"लक्ष द्या," ती म्हणाली. "एक गृहस्थ हरवले आहेत. वय सत्तरीच्या पुढे. अंगाने सडपातळ. अंगावर..."

इथे ती थांबली. सकाळी शर्ट तिनेच काढून दिला होता. चुकलेली बटणं तिनेच पुन्हा लावली होती. आणि शर्ट कुठला, कुठल्या रंगाचा, काही म्हणता काही समोर येईना.

"अंगावर काय आहे, ते मला आठवत नाही," ती म्हणाली.

किनारा खदखदून हसला. लोकांना वाटलं, आज भोंगाबाईने नवा खेळ काढला. कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणीतरी लांबून ओरडलं, "चड्डी असेल बघा!"

"हसू नका," भोंगाबाई म्हणाली, आणि बटण दाबलेलं होतं म्हणून तेही सगळीकडे ऐकू गेलं. "ते माझे मिस्टर आहेत. त्यांच्या लक्षात राहत नाही. पुष्कळ दिवसांपासून राहत नाही. तुम्ही विचारलंत तर हसतील, मी ठीक आहे म्हणतील, ते खरं धरू नका. रस्ता सांगू नका, सांगितलेला राहत नाही. हात धरून आणा. आणि आधी पाण्याच्या बाजूला बघा. मी पाया पडते सगळ्यांच्या, आधी पाण्याच्या बाजूला बघा."

हसणं थांबलं. छत्र्यांखालचे बाप उठून बसले, मग उभे राहिले. ओल्या वाळूतून माणसं पाण्याकडे पळायला लागली. बायका मुलांना कडेवर घेऊन तंबू-तंबूत डोकावत होत्या. गुलाबी पत्रकातला एकही उपक्रम आजवर इतक्या कुटुंबांनी एकदम केला नव्हता. तंबूतली मुलं पहिल्यांदाच गप्प झाली होती. भोंगाबाई बटणावरचं बोट काढायचं विसरली, त्यामुळे तिचा श्वास तेवढा भोंग्यांतून ऐकू येत राहिला. शेवटी आजीबाईंनी उठून तो हात बाजूला केला.

पेंटर सापडले ते पाण्यात नाही आणि लांबही नाही. किल्ल्यांच्या पलीकडे, कोरड्या वाळूवर, काठी घेऊन ते अक्षरं काढत होते. त्यांनी एका पोराला त्याचं नाव लिहून दाखवलं, ते बघून दुसरं आलं, आणि लोकांनी बघितलं की इथे काहीतरी चाललंय आणि त्याला पैसे पडत नाहीत. झाली रांग. इतकी शिस्तीची रांग, की हा माणूस हरवलाय असा संशय कुणाला यावा? त्यांना घेऊन आले ते दातांचे डॉक्टर. मुलाचं नाव लिहून घ्यायला तेही रांगेत उभे होते.

पेंटरांचा हात कुणी धरला नव्हता. ते पुढे चालत होते, ताठ, कुणाकडे न बघता. तंबूत येऊन ते आपल्या खुर्चीपाशी गेले आणि आजीबाई उठल्यावर बसले. भोंगाबाईने त्यांच्या पायांना लागलेली वाळू बघितली, शर्ट बघितला.

डॉक्टरांना उट्टं काढायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "फिका हिरवा शर्ट आहे, अर्ध्या बाह्यांचा. तुम्ही विचाराल म्हणून बघून ठेवला." मग आणखी हळू म्हणाले, "घोषणा झाली तेव्हा माझ्या मुलाचं नाव लिहीत होते. त्यांनी सगळी ऐकली. शेवटचं अक्षर राहिलं होतं, ते त्यांनी काढलंच नाही. काठी खाली ठेवली."

साहेब खाकरले. "मॅडम, ही गोष्ट तुम्ही मला आधी सांगायला हवी होती. इथे लहान मुलं असतात. नियम आहेत."

भोंगाबाईने टेबलावरचं गुलाबी पत्रक उचलून त्यांच्यापुढे धरलं. "आणि ही गोष्ट तुम्ही मला आधी विचारायला हवी होती, साहेब. तुमच्या वरच्यांनी वाचलंय का हे? की मी वाचून दाखवू? बटण हाताशीच आहे."

साहेबांनी पत्रकाकडे बघितलं, मायक्रोफोनकडे बघितलं. बाहेर जुळ्यांची आई 'अजून एक तास वाढवून मिळेल का' म्हणून भांडत होती, तिच्याकडेही बघितलं. "उद्या बघू, मावशी," ते म्हणाले. पालिकेत उद्या बघू म्हटलेलं आजवर कुणी बघितलेलं नाही, तेव्हा तंबूचा आणि वेताच्या खुर्चीचा प्रश्न मिटल्यात जमा होता. भोंगाबाईला हायसं वाटायला हवं होतं. पण खुर्चीतला माणूस तिच्याकडे बघत नव्हता.

ऊन कलल्यावर आईबाप एकेक करून आले, आपापली पोरं ओळखून घेऊन गेले. त्या दिवशी भोंगाबाईने कुणालाच काही विचारलं नाही. किनाऱ्यावरची गर्दी ओसरली. तिने खडू गोळा केले, चटई झटकली, पिंपातलं उरलेलं पाणी वाळूत ओतलं. मग दुसरं काम उरलं नाही, तेव्हा बुटकं स्टूल ओढून ती पेंटरांसमोर बसली.

"सगळ्यांना सांगितलंस," ते म्हणाले.

"मग काय करणार होते मी? समोर समुद्र, त्यात भरती. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"लोकांचं काही नाही गं." ते आपल्या हाताकडे बघत होते. "तुला कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलावं असं तिला एकदा वाटलं. पण आज एवढं सगळं उघडं पडल्यावर तेवढंच झाकून काय मिळणार होतं? "पाव आणायला गेला होतात ना, तेव्हापासून," ती म्हणाली. "त्याआधीपासून. थोडं थोडं."

पेंटरांनी मान हलवली.

"मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नाही," ते म्हणाले. "किती जपून वागत होतो मी. तुला घोर लागू नये म्हणून. कुणी ओळखीचं हसलं की आपणही हसायचं. काही विचारलं की 'तू म्हणशील तसं' म्हणायचं. आणि हे तंबूचं. तू म्हणालीस पालिकेने मागितलंय. मी म्हटलं, हिला एकटीला जायला धीर होत नसेल, कारण काढतेय. तर जाऊ बरोबर, तेवढीच तिला सोबत."

म्हणजे दोन खोल्यांच्या त्या घरात इतके दिवस दोन नाटकं चालली होती, दोन्हींत तीच दोन माणसं, आणि बघायला कुणीच नाही. ती ज्या नळाखाली रडायची, त्याच नळाखाली तेही रडून येत असतील, तिची झोप लागल्यावर. तिला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, आणि त्या वाया गेलेल्या दिवसांची इतकी हळहळ वाटली की डोळे पुसायला पदर लागला. पेंटरांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि राहू दिला.

"उद्या यायचंय का इथे?" त्यांनी विचारलं.

"यायचंय."

"मग सकाळी मला सांग, कुठे जायचंय ते. लाज वाटायची म्हणून विचारत नव्हतो. आता विचारत जाईन."

"सांगेन."

"दुपारी परत विचारलं तर?"

"तर परत सांगेन."

"चिडून?"

"चिडून," ती म्हणाली. "पण सांगेन."